सभासदांचा डेटा गेलाय, कार्यकारिणी गप्प आहे. पैसे द्यावेत का? आणि सांगायचं कधी?

पेठेतला आजीव सभासद
मी ज्या संस्थेचा आजीव सभासद आहे (नाव मुद्दाम देत नाही) तिच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मागच्या आठवड्यात रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सगळ्या फायली लॉक, आणि स्क्रीनवर नोट की बिटकॉइनमध्ये पैसे द्या नाहीतर सभासदांची माहिती बाहेर टाकू. आता ही माहिती म्हणजे नुसती नावं नाहीत हो, 80जीच्या (देणगीवरच्या करसवलतीच्या) पावतीसाठी पॅन घेतलेत, ओळखपत्रासाठी आधारची झेरॉक्स स्कॅन करून ठेवलीये, पत्ते, मोबाइल, जन्मतारखा, सगळं एकाच फोल्डरमध्ये. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो गुपचूप खंडणी देऊन मोकळे व्हा, दुसरा म्हणतो चौकशी होऊ दे, सर्वसाधारण सभेत सांगू. मला दोन्ही अजिबात पटत नाही. एक पैसा देऊ नये आणि सभासदांना आजच्या आज सांगावं. आपल्याकडे कितीतरी सभासद सत्तरीच्या पुढचे, घरी एकटे, मुलं बाहेरगावी नाहीतर परदेशी. उद्या कोणी फोन करून म्हणालं 'काका, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय' आणि नंबर, पत्ता, जन्मतारीख बिनचूक सांगितली, तर ते खरं मानणारच ना? डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेच्या, नावाखाली लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलीये असल्या फोनमुळे.

कार्यकारिणीतला एक
साहेब, तुमची काळजी समजते पण आमच्या जागी बसून बघा. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायम लावलेली असायची, ती पण लॉक झाली. आजीव सभासदांच्या नोंदी, देणगीदार, हॉलची बुकिंगं, टॅलीचा (हिशेबाचा) सगळा डेटा त्यात. मागितलेली रक्कम आपल्याला झेपणारी आहे. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीनं असाच हल्ला झाल्यावर 2021 मध्ये 75 बिटकॉइन, म्हणजे साधारण 44 लाख डॉलर दिलेच ना? एवढी मोठी कंपनी देते आणि पुढे त्यातले बरेचसे बिटकॉइन सरकारनं परत पण मिळवले. मग आपणच तत्त्वाला चिकटून संस्था बंद ठेवायची का?

हिंजवडीवाली
दादा, कलोनियलचं पुढचं पण सांगा. पैसे दिल्यावर फायली उघडायचं जे टूल मिळालं ते इतकं हळू चालायचं की त्यांना स्वतःच्या बॅकअपवरूनच काम करावं लागलं. आणि फायली उघडणं वेगळं, चोरलेली कॉपी पुसणं वेगळं, तुम्ही दोन्ही एकाच किमतीत धरताय. 2024 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या पोलिसांनी लॉकबिट या रॅन्समवेअरवाल्या टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले तेव्हा ज्यांनी पैसे भरले होते त्यांचाही डेटा तिथे तसाच सापडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या दवाखान्यांची बिलं हाताळणाऱ्या कंपनीनं 2 कोटी 20 लाख डॉलर दिले, आणि नंतर दुसरीच टोळी तोच डेटा घेऊन परत पैसे मागायला आली.

आता कामाचं. ओळखीच्या कुणाला तरी बोलावून फॉर्मॅट मारून घेतलं असेल तर पुरावा गेला, नसेल घेतलं तर प्लीज घेऊ नका. नेटची केबल आणि वायफाय काढा, मशीन तसंच राहू द्या, नोटचा फोटो काढा, लॉक झालेल्या एकदोन फायली बाजूला ठेवा. नो मोअर रॅन्सम म्हणून युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी 2016 पासून चालवलेली साइट आहे, तिथे काही प्रकारच्या रॅन्समवेअरची किल्ली फुकट मिळते. आपल्याला मिळेलच असं नाही पण बघायला काय जातं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन, सायबर पोलिसांत तक्रार, आणि सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची नोंद घेणारी केंद्र सरकारची संस्था) कळवा, त्यांच्या 2022 च्या आदेशात हल्ला कळवायला 6 तासांची मुदत आहे, ती तर केव्हाच उलटली.

कार्यकारिणीतला एक
तो आदेश कंपन्यांना, सरकारी ऑफिसांना. आपण ट्रस्ट आहोत. आणि 2023 च्या डेटा कायद्याचे (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं कलम लागू व्हायला त्यात 18 महिन्यांची मुदत दिलीये.

हिंजवडीवाली
तो वाद वकिलाबरोबर घाला, कळवायला कुणी मनाई केलेली नाही ना.

ट्रस्टची ऑडिट करणारा
मी फक्त हिशेबाचं बोलतो. व्हाउचर कोणत्या नावानं फाडणार? पावती कोण देणार? सभासदांची वर्गणी आणि देणग्या संस्थेच्या उद्देशांसाठी असतात, अनोळखी टोळीला बिटकॉइन पाठवणं त्यात कुठे बसवणार? ऑडिटरनं शेरा मारला आणि धर्मादाय आयुक्तालयातून विचारणा झाली तर विश्वस्तांना वैयक्तिक उत्तर द्यावं लागेल. कुणी स्वतःच्या खिशातून देतो म्हणत असेल तर त्यालाही अडवा.

कोथरूडकर लेक
पैसे देऊ नयेत याला माझा पूर्ण पाठिंबा, पण 'आजच्या आज सांगा' याला सक्त विरोध. माझी आई त्या संस्थेची सभासद आहे, वय 78, हे असं अर्धवट कळलं तर ती रात्रभर झोपणार नाही, सकाळी बँकेत जाऊन एफडी मोडेल. आणि बातमी बाहेर पडली की भामटे संस्थेच्याच नावानं मेसेज पाठवणार, 'तुमचा डेटा सुरक्षित करायला या लिंकवर जा'. नक्की काय गेलं ते आधी शोधा आणि मग एकदाच, नीट सांगा. चार वेळा वेगवेगळं सांगितलं तर शेवटचं कुणी वाचणार पण नाही.

पेठेतला आजीव सभासद
ताई, आईंची काळजी रास्त आहे, आणि लिंकचा धोका तर शंभर टक्के खरा. पण नक्की काय गेलं हे कळायला महिने लागू शकतात, तोवर त्या भामट्याच्या हातात यादी आहे आणि आईंना काहीच माहीत नाही. ब्लॅकबॉड म्हणून एक अमेरिकन कंपनी आहे, धर्मादाय संस्था आणि विद्यापीठांच्या देणगीदारांच्या याद्या सांभाळते, म्हणजे आपल्याच जातकुळीचा डेटा. 2020 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली, डेटा नष्ट केल्याचा शब्द चोरांकडून घेतला, आणि जुलैमध्ये जाहीर केलं की बँकेची माहिती गेलेली नाही. पुढे काही लोकांच्या बाबतीत ती गेली होती असं निघालं, आणि 2023 मध्ये त्यांना दंड झाला. म्हणून माझं म्हणणं, दिलासा द्यायच्या घाईत काही ठोकून देऊ नका. जे माहीत आहे तेवढंच लिहा: अमुक फोल्डर गेला असं धरून चला, संस्था कुठलीही लिंक पाठवणार नाही, ओटीपी मागणार नाही, पोलीस फोनवर अटक करत नाहीत, आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून घ्या, एफडीला हात लावू नका. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर नको, छापील पत्र पोस्टानं, सोबत ओळखीच्या कार्यकर्त्याचा फोन.

कोथरूडकर लेक
पत्र आणि ओळखीचा आवाज, हे चालेल. पण आधारचं त्यात लिहूच नका असं मला अजून वाटतं, लोक घाबरून आधार केंद्राबाहेर रांगा लावतील.

पेठेतला आजीव सभासद
नाही लिहिलं तर पार्सलवाल्या फोनला ते काय म्हणून ओळखणार? आधार लिहायलाच हवं.

कार्यकारिणीतला एक
आज संध्याकाळी बैठक आहे. तक्रारीचा आणि पत्राचा विषय मी मांडतो. खंडणीबद्दल माझं मत बदललेलं नाही, नोंदी गेल्याच तर काय करणार याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

ट्रस्टची ऑडिट करणारा
माझ्याकडे मागच्या वर्षीची सभासद यादी आणि ताळेबंद छापील आहेत. जुनी पावतीपुस्तकं माळ्यावर असतील तर चार जणांनी बसून यादी परत टाइप करता येते. 2022 मध्ये दिल्लीचं एम्स बंद पडलं तेव्हा त्यांनीही कित्येक दिवस पेशंटची नोंद कागदावरच केली होती. बैठकीला मी येतो, टाइप करायला पहिली दोन वर्षं माझ्याकडे द्या.