मदत हवी आहे: जुनं हँडमेड युकुलेले विकतेय, चिरेचे किती कमी घ्यायचे आणि होलचं काय करायचं

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी.

माझ्याकडे एक टेनर युकुलेले (चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य) आहे. २०१८ ला एका कारागिराकडून सांगून बनवून घेतलेलं, तेव्हा २२ हजार पडले आणि घरी ८ सांगितले (अजून तोच आकडा चालू आहे, त्यामुळे इथे कोणी ओळखीचं असेल तर कृपया गप्प बसा). पूर्ण सॉलिड महॉगनी, फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेट) शिसवीचा, नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल (खाली तारा अडकवतात त्या ब्रिजवरची तशीच पट्टी) हाडाचे, वरून फ्रेंच पॉलिश. इतकी वर्षं जवळजवळ रोज वाजलंय. संध्याकाळी मेहरूण तलावावर, ऑफिसच्या पार्टीत, आणि दोनदा कानबाईच्या सणाला सुद्धा, चुलत सासूबाईंनी पहिल्यांदा पाहून नाक मुरडलं होतं की हे काय पोरासोरांचं खेळणं, आणि रात्री गाणी रंगली तेव्हा त्याच म्हणाल्या "ते टिंगटिंग घे गं इकडे", मग काय, सी आणि जी सेव्हन दोनच कॉर्डवर अर्धी रात्र निघाली.

मग विकतेस कशाला, हे सगळेच विचारतात म्हणून सांगून टाकते. गेल्या वर्षी स्कूटीवरून पडले, डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं, आता ते नीट वाकत नाही. माझ्या युकेचा नट ३५ मिमी रुंद आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे की डी कॉर्डला तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये दाटीवाटीने बसवावी लागतात, ती आता बसतच नाहीत, कुठली तरी एक तार भुंग्यासारखी गुणगुणते. ३८ मिमीवालं घेतलं तर जमेल असं वाटतंय पण दोन ठेवणं परवडत नाही.

आता खरी गोष्ट. २०२२ च्या मेमध्ये त्याला चीर गेली. आपल्याकडचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. माझ्या खोलीतला काटा दुपारी १८-२० टक्के आर्द्रता दाखवायचा, आणि या वाद्यांना ४५ ते ५५ च्या आसपास लागते. बरं नुसता कोरडेपणा असता तरी एक वेळ चाललं असतं, पण मी शहाणी, खोलीत कूलर लावला की ओलावा भसकन वर, लाईट गेली की परत वाळवंट, दिवसातून तीनदा लाकूड फुगतंय आणि आकसतंय. एका रात्री टक्क असा आवाज आला, मला वाटलं पाल पडली. सकाळी पाहिलं तर ब्रिजच्या खालच्या बाजूला चार सेंटीमीटर चीर. दुरुस्त करून घेतली, दुरुस्तीवाल्याने आधी काही दिवस बंद डब्यात ओलाव्यात ठेवलं, चीर आपोआप मिटली, मग सरस भरला आणि आतून आडव्या तीन लाकडी चिपा चिकटवल्या. त्यानंतर तीन उन्हाळे गेले, पुन्हा उघडली नाही. आता केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी आणि त्यात ओला स्पंज ठेवते, एवढ्याने काम भागतं.

घेणारा नंदुरबारचा कॉलेजचा मुलगा आहे, बोलण्यातून कळतं की वाजवणारा आहे, फोटो मागायच्या आधी ॲक्शन (तारा फ्रेटपासून किती उंच) किती विचारली. ११ हजार म्हणतोय. पण तो स्टेजवर वाजवतो म्हणून त्याला पिकअप (वाद्याचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा भाग) बसवायचाय आणि त्यासाठी मागच्या टोकाला १२ मिमीचा होल पाडणार म्हणाला, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही, हसू नका. तर चीर असताना ११ ठीक आहे की जास्त मागू, होल पाडू नको अशी अट घालता येते का, आणि तो म्हणतो परीक्षा चालू आहेत, एसटी पार्सलने पाठवा, तर पाठवू का?

प्रतिसाद
कसाले इकी राहिनी बहीन, ऱ्हाऊ दे ना घरमा. भिंतीवर टांगी ठेव.

प्रतिसाद
वरच्या भाऊंचं ऐकू नका, भिंतीवर टांगलेलं वाद्य आमच्या मेमध्ये पापड होतं. चिरेबद्दल: नीट भरून आतून चिपा लावलेली चीर म्हणजे काही मोठा रोग नाही, पण ती तुम्ही आधी सांगितली तर किंमत थोडी उतरते, त्याला नंतर सापडली तर सगळा सौदा उतरतो. "बारीकशी" वगैरे शब्द वापरू नका, पट्टी लावून फोटो काढा, आतला फोटो मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा घालून काढा. मी असतो तर १४ म्हणालो असतो आणि साडेबाराला दिलं असतं. फ्रेट झिजलेत का? फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचतात का तेही बघा, लाकूड आकसलं की फ्रेटची धातूची पट्टी बाहेर येते.

(मूळ पोस्टवाली)
टोकं टोचत होती, दुरुस्तीच्या वेळीच घासून घेतली. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक खुणा आहेत. आणि हो, एक राहिलंच, वरच्या कडेला पांढरट डाग आहे, २०२० चा. सॅनिटायझर लावलेल्या हाताने उचललं, फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते हे मला त्या दिवशी कळलं.

प्रतिसाद
खुणांचं टेन्शन घेऊ नका, नायलॉनच्या तारांनी फ्रेट फारसे झिजत नाहीत, लोखंडी तारांसारखं नाही ते. डाग सुताराकडचा पॉलिशवाला काढून देईल पण विकायच्या आधी हात लावू नका, नवीन चकचकीत ठिगळ दिसलं की घेणाऱ्याला शंका येते. तो डाग आहे तसाच जाऊ द्या.

प्रतिसाद
पिकअपवर बोलतो, कारण इथे माझं स्वतःचं एक गिटार बळी गेलेलं आहे. ताई, अट घालू नका. पैसे घेतल्यावर वाद्य त्याचं, तुम्ही काय दर महिन्याला नंदुरबारला जाऊन होल मोजणार का? पण सल्ला देऊ शकता. इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटिक पिकअप इथे चालतच नाही, तार धातूची नसते, त्यामुळे पिएझो (लाकडाची थरथर पकडणारा) लागतो. त्यात दोन प्रकार. एक सॅडलखाली पट्टी घालतात, त्यासाठी सॅडल खालून घासावी लागते, ब्रिजमधून वायर काढायला बारीक छिद्र पाडावं लागतं आणि टोकाला जॅकचा मोठा होल. दुसरा बाहेरून ब्रिजजवळ चिकटवायचा, काहीही कापायचं नाही, आवाज जरा कमी सुबक येतो, स्टेजवर स्पीकरमधून शिट्टी येण्याची शक्यता जास्त. त्याला म्हणा आधी सहा महिने चिकटवून बघ. आणि होल पाडायचाच ठरला तर दुरुस्तीवाल्याकडून पाड, मोबाईल रिपेअरवाल्या मित्राकडून नको. (माझं गिटार तसंच गेलं.) फक्त फ्रेंच पॉलिशवर चिकटवताना गोंद जपून, काढताना पॉलिशसकट निघतो.

प्रतिसाद
मी भुसावळचा. मेमध्ये पार्सल? बसच्या टपावर किंवा डिकीत ते दुपारभर भाजलं तर चिरेतला सरस मऊ पडेल, ब्रिज उचलला जाईल, मग भांडत बसा कोणाची चूक. पाठवायचंच तर तारा दोन-तीन फेरे सैल करा (पूर्ण काढू नका), मानेखाली आणि डोक्याखाली कपड्याची घडी द्या, केस खोक्यात आणि ते खोकं अजून एका खोक्यात. पण मी म्हणतो हवंय कशाला? जळगाव आणि नंदुरबार एकाच सुरत लाईनवर आहेत. तुम्ही सकाळच्या गाडीने अमळनेरला या, तो तिकडून येईल, प्लॅटफॉर्मवर वाजवून बघेल, नाही आवडलं तर दोघंही आपापल्या घरी. ऊन चढायच्या आत परत.

(मूळ पोस्टवाली)
हे बरंय. त्याला मेसेज केला, चीर, डाग, सगळं फोटोसकट पाठवलं. १४ म्हणाले. त्याने विचारून सांगतो म्हटलं, कोणाला विचारणार देव जाणे. रविवारी पेपर नाही म्हणाला.

(मूळ पोस्टवाली, अपडेट)
झालं. अमळनेरला भेटलो, सोबत त्याचे वडील पण होते, ते पूर्ण वेळ चहा पीत पंख्याखाली बसून होते आणि दर पाच मिनिटांनी "झालं का रे" विचारत होते. पोराने आधी वाजवलंच नाही. प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट दाबत वरपर्यंत गेला, मग मोबाईलचा टॉर्च साउंडहोलमध्ये घातला आणि म्हणाला, ताई तुम्ही तीन चिपा म्हणाल्या होत्या, इथे चार आहेत. माझा चेहराच पडला. मीही वाकून बघितलं, खरंच चार, एक चीर संपते तिच्या जरा पुढे लावलेली. दुरुस्तीवाल्याने मला तीनच सांगितल्या होत्या आणि मी कधी मोजल्या नाहीत. मला वाटलं आता हा भाव पाडणार, तर तो म्हणे जास्त लावलीय ना, कमी नाही, मग चांगलंच आहे.

साडेबारा हजारात दिलं. चिकटवायचा पिकअप आधी घेऊन बघतो म्हणाला, होलचं पुढे बघू. मी काही बोलले नाही.

सगळ्यांना थँक्यू, भुसावळवाल्या भाऊंना स्पेशल. आता एक अजून मदत: केस देताना साबणाची डबी घरी सिंकजवळ भरायला ठेवली होती ती तिथेच राहिली आणि त्याच्याकडे आत्ता काहीच नाहीये. त्याला फोन करून डबी बनवायला सांगितली तर म्हणतो पेपर संपल्यावर करतो. या आठवड्यात जळगावहून नंदुरबारला कोणी चाललं आहे का?