साथ करताना पियानोवर सूर गाळावेत का?

सरगम७: व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षांना साथ करणारी पियानोची मुलं मी बरीच ऐकली आहेत. थिअरीत गुण उत्तम, पण व्हायोलिनवाल्याने एखादी मात्रा खाल्ली की यांचे हात जागीच थांबतात. पेपरात डॉमिनंट सेव्हन्थ (मूळ सुराकडे ओढणारा कॉर्ड) ओळखता येतो ना? मग समोरचा गडबडला तर तो आता टॉनिकवर, म्हणजे त्या मूळ सुरावर, येणार हे ताडून तिथे आधीच हजर का राहता येऊ नये? माझं स्पष्ट मत आहे, साथीला बसणाऱ्याला सूर गाळायला शिकवलंच पाहिजे. बेस (खालचे सूर) आणि लय सांभाळा, मधलं सुटलं तरी चालेल.

डावा_हात: साफ अमान्य. शूबर्टचं 'एर्लक्योनिग' (१८१५) हे घोडदौडीचं गाणं घ्या. उजव्या हातातले ते सलग ट्रिपलेट (ठोक्याला तीन सूर) म्हणजेच धावणारा घोडा. ते गाळून उरतं काय? आधी लिहिलंय ते सगळं वाजवता येऊ दे, नाहीतर पोरं आळसालाच समज म्हणू लागतील.

सरगम७: खुद्द शूबर्टनेच त्याची सोपी आवृत्ती केली होती. ठोक्याला तीनऐवजी दोन सूर! घोडा तरीही धावतो.

डावा_हात: ती शूबर्टने केली. शिकाऊ पोराला तो अधिकार कोणी दिला?

बेसलाइन: अहो, तुम्ही दोघं वेगवेगळ्या कागदांवरून भांडताय. कोरेलीच्या ओपस ५ मधल्या व्हायोलिन सोनाटा (१७००) बघा. साथीला त्याने फक्त बेसची ओळ आणि वर कॉर्ड सुचवणारे आकडे दिलेत. आज छापून येतो तो उजवा हात संपादकाने भरलेला असतो, तो बदलला तर कोरेलीचं काहीच बिघडत नाही. कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेचा) पियानो भाग म्हणजे दोन हातांत कोंबलेला अख्खा ऑर्केस्ट्रा. तिथे गाळावंच लागतं. शूबर्ट, ब्राम्स यांनी मात्र पियानोसाठीच लिहिलं, तिथे हात आखडता घ्या. समोरचा सूर नक्की कोणी लिहिला, हे विद्यार्थ्याला आधी विचारा. बहुतेकांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सरगम७: हे पटलं. पण परीक्षेच्या खोलीत गायिका दोन ओळी पुढे गेली, तर शूबर्ट असला तरी मी उडी मारायलाच सांगेन.

डावा_हात: उडी मारा, पण कुठे ते कळायला तिची ओळ पाठ हवी. माझ्याकडे साथीला बसणारा आधी गायिकेची ओळ स्वतः गातो आणि सोबत दोन्ही हात वाजवतो. ते जमेपर्यंत एकही सूर गाळू देत नाही, पुढेही देणार नाही.