प्राथमिक शाळेच्या हिवाळी सूचनापत्रात काय लिहावे आणि कसे लिहावे?

प्रश्न : पालक, पाषाण (पुणे)

नमस्कार. आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाने यंदाचे हिवाळी सूचनापत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते सातवीची आहे. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, संक्रांत आणि २६ जानेवारीचे ध्वजवंदन हे सगळे डिसेंबर-जानेवारीत एकापाठोपाठ येते, आणि नेमक्या याच दिवसांत सर्दी-खोकल्याने हजेरीपट विरळ होतो.

गेल्या वर्षीचे सूचनापत्र माझ्यासमोर आहे. त्यात एकवीस सूचना असून बहुतेकींचा शेवट ‘बंधनकारक आहे’ किंवा ‘अन्यथा वर्गात बसू दिले जाणार नाही’ असा आहे. ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आले त्याच दिवशी लोकांनी त्यात लिहिलेल्याच गोष्टी पुन्हा विचारायला सुरुवात केली होती, यावरून ते कितपत वाचले गेले हे कळते.

माझ्या मुख्य अडचणी तीन आहेत. थंडीचे कपडे आणि गणवेश यांबद्दल नेमके काय लिहावे? मूल आजारी असताना घरी ठेवावे की पाठवावे, हे पालकांना न दुखावता कसे सांगावे? तिसरी अडचण अशी की चौथीपर्यंतचे वर्ग शासनाच्या नियमाप्रमाणे ९ वाजता भरत असले, तरी पाचवी ते सातवीचे सव्वासातला भरतात आणि भावंडे एकाच व्हॅनने येत असल्यामुळे पहिली-दुसरीची दहाबारा मुले सातपासून मैदानावरच्या कट्ट्यावर कुडकुडत बसलेली असतात. माझी स्वतःची धाकटी मुलगी त्यांच्यात आहे. कृपया अनुभवाचे सांगावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापिका, सदाशिव पेठ

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीतला एक हिवाळा आठवला आणि तो तुम्हाला सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या शाळेने त्या वर्षी ‘निळा स्वेटर अनिवार्य’ अशी सूचना काढली होती आणि तिच्याखाली सही माझी होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरीतला एक मुलगा सलग पाच दिवस आला नाही. वर्गशिक्षिका घरी गेल्या तेव्हा तो ठणठणीत होता. त्याच्याकडे आजीने विणलेला तपकिरी स्वेटर होता, परंतु निळा नव्हता. त्याच्या आईने सूचनापत्र नीट वाचले होते, त्याचा अर्थही बरोबर लावला होता आणि म्हणूनच मुलाला घरी ठेवले होते. चूक आमच्या वाक्याची होती. मला आजही त्या पाच दिवसांचे वाईट वाटते.

त्यानंतर मी प्रत्येक सूचना लिहिताना एक गोष्ट ठरवली : ज्या घराला ती पाळणे सर्वांत अवघड आहे, त्या घरात ती वाचली जाते आहे असे समजून लिहायचे, आणि ‘हे करा’ याच्या पाठोपाठ ‘हे जमत नसेल तर काय’ हेही त्याच वाक्यात सांगायचे. स्वेटर कोणत्याही रंगाचा चालेल, असे तुम्ही स्पष्ट लिहा. नुसते लिहून भागणार नाही, कारण फाटकावर उभे राहणारे शिपाईदादा आणि खेळाचे सर यांनाही ते आधी सांगावे लागते, नाहीतर कागदावर सूट आणि फाटकावर अडवणूक असे होते.

लहान झालेले स्वेटर गोळा करून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण ते वाटपाचा कार्यक्रम करून, फोटो काढून कधीही देऊ नयेत. आमच्याकडे एक मावशी होत्या, त्या ‘बाळा, हा तुझ्या मापाचा दिसतो, घालून बघ’ एवढेच म्हणून मधल्या सुट्टीत मुलाच्या अंगात स्वेटर चढवीत असत, आणि मुलाला तो हरवलेला-सापडलेला वाटे की दिलेला, याची त्यांनी कधी चर्चा होऊ दिली नाही.

दर हिवाळ्यात शाळेत हरवलेल्या स्वेटरांचा ढीग साचतो, तो पुण्याच्या हवेचाच परिणाम आहे. सकाळी दात वाजतात आणि दुपारी पारा २८-३० अंशांवर जातो, त्यामुळे मधल्या सुट्टीत सगळे स्वेटर खिडकीच्या गजांवर आणि झोपाळ्यावर लटकतात. कॉलरच्या आतल्या बाजूला मुलाचे नाव आणि इयत्ता दोऱ्याने किंवा धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने लिहावी, आणि दप्तरात एक कापडी पिशवी ठेवून ‘काढलास की यात ठेव’ असे मुलाला घरीच दोनतीनदा करून दाखवावे. जाड एका स्वेटरपेक्षा आत बनियन, वर गणवेश आणि त्यावर पातळ स्वेटर असे थर बरे, कारण पहिलीतल्या मुलाला ते स्वतःचे स्वतः काढता-घालता येतात.

लवकर येणाऱ्या मुलांसाठी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून एक वर्गखोली सातपासून उघडी ठेवून घ्या. चौथीपर्यंतच्या शाळा ९ किंवा त्यानंतर भरवाव्यात, हा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मधला असून तो २०२४-२५ पासून लागू झाला, आणि लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी हे त्यामागचे कारण होते. मुलाला सहाला उठवून कट्ट्यावर दोन तास बसवले, तर त्या निर्णयाचा त्याला काहीच लाभ मिळाला नाही. सेवकवर्गाला लवकर येणे अवघड असेल, तर पालकांनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. मीही निवृत्तीनंतर दोन वर्षे असा एक वार सांभाळला आहे.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ, कोथरूड

आजारपणाबद्दल पालकांना मोघम ‘काळजी घ्यावी’ असे सांगितले की प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ लावतो, म्हणून शक्य तेथे मोजता येईल अशी खूण द्यावी. ताप उतरवणारे औषध न देता पूर्ण २४ तास ताप आलेला नसेल, तर मुलाला शाळेत पाठवावे. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेले मूल दहा-अकरापर्यंत बरे दिसते आणि मग तापाने फणफणते, तोवर ते वर्गात सगळ्यांसोबत बसलेले असते. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यानंतर एक पूर्ण दिवस घरी ठेवावे. कांजिण्या हिवाळा सरताना अधिक दिसतात. त्यात सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावे आणि ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. केवळ नाक वाहते आहे, पण मूल खेळते-खाते आहे, तर त्याला रुमाल देऊन खुशाल पाठवावे. अन्यथा नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची सगळी रजा डिसेंबरातच संपते. तुमच्या सूचनापत्रात त्यांची ही अडचण मान्य करणारे एक वाक्य जरूर असावे.

वर्गाच्या खिडक्या घट्ट बंद ठेवाव्यात अशी मागणी दर हिवाळ्यात होते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि कोंदट खोलीत ती लवकर पसरते, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून समोरच्या बाजूच्या उघड्या ठेवणे हा योग्य मार्ग आहे. ज्यांना दमा आहे अशा मुलांचा इन्हेलर दप्तरात आहे ना आणि तो कसा द्यायचा हे बाईंना माहीत आहे ना, याची खात्री पालकांनी करावी. हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर तिच्यातच अडकतो, म्हणून या मुलांना पहाटेचा मैदानी सराव सोसत नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी मुद्दाम लिहायला बसलो ती सांगतो. शाळेच्या सूचनापत्रात ती सहसा नसते, परंतु हिवाळ्यातली सर्वांत गंभीर सूचना माझ्या मते तीच आहे. थंडीत सकाळी मुलांना आंघोळ घालताना न्हाणीघराचे दार आणि खिडकी दोन्ही लावून घेतली जातात आणि आत गॅसचा गीझर चालू असतो. अशा बंद जागेत ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मुलाला आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि मग काही कळायच्या आत ते बेशुद्ध पडते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवणे उत्तम. ते शक्य नसेल तर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर पूर्ण बंद करावा आणि त्यानंतरच मुलाला आत न्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याबाबतही हाच धोका आहे. ही सूचना पहिल्या पानावर, ठळक अक्षरात द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : सिमला ऑफिसमधून निवृत्त, शिवाजीनगर

हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाला जुनी माणसे अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. तिथे अनेक वर्षे काम केल्यामुळे थोडे लिहितो. दिवसातले सर्वांत कमी तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास असते, आणि जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास उगवतो. म्हणजे सव्वासातचा परिपाठ मैदानावर घेतला, तर आपण मुलांना दिवसातल्या सर्वांत थंड घटकेला उघड्यावर उभे करतो. हाच परिपाठ वर्गात घ्यावा किंवा ऊन मैदानावर आल्यावर घ्यावा.

शहरातही सगळीकडे सारखी थंडी नसते. पाषाण आणि शिवाजीनगर येथील किमान तापमान लोहगावपेक्षा पुष्कळदा काही अंशांनी कमी असते. त्यामुळे भ्रमणध्वनीवर ‘पुणे’ म्हणून दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस एवढे नीचांकी तापमान नोंदले गेले होते. तेवढी थंडी आता पडत नसली, तरी ८-१० अंशांच्या पहाटे दर हिवाळ्यात येतात आणि सहा वर्षांच्या मुलाला त्या पुरेशा बोचतात.

उत्तर ४ : पालक, लोहगाव

आमच्याकडे थंडी कमी असते हे खरे, परंतु मुलाला दुचाकीवर पुढे उभे करून नेताना वारा थेट त्याच्या छातीवर बसतो, तेव्हा लोहगाव काय आणि पाषाण काय, फारसा फरक राहत नाही. मुलाला मागे बसवावे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे, आणि त्याच्या आत पातळ कानटोपी सहज बसते. लांब मफलर मात्र दुचाकीवर नको, त्याचे टोक चाकात अडकू शकते.

संक्रांतीबाबतही दोन गोष्टी लिहाव्यात. डब्यातून तिळगूळ, गुळाची पोळी वाटली जाते, आणि वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असू शकते. माझ्या भाच्याला आहे. त्याच्या बाईंनी भोगीच्या आदल्या दिवशीच आम्हाला फोन करून विचारले होते आणि त्याच्यासाठी हलव्याचे दाणेही तीळ नसलेले, साबुदाण्याचे ठेवले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. दुसरी गोष्ट नायलॉन मांजाची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. मुलाच्या हातातली फिरकी पालकांनी स्वतः तपासावी.

प्रश्नकर्त्या पालकाचे उत्तर : पाषाण

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मुख्याध्यापिकाबाई, तुमच्या तिसरीतल्या मुलाची हकिगत मी काल रात्री समितीच्या गटावर वाचून दाखवली आणि ‘अनिवार्य’ हा शब्द काढण्यावर त्यानंतर कोणीही हरकत घेतली नाही.

गीझरची सूचना पहिल्या पानावर सर्वांत वर जाते आहे. परिपाठ १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळात वर्गातच होईल, असे शाळेने मान्य केले आहे. ध्वजवंदनाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण राज्यातला मुख्य समारंभ सकाळी ९.१५ वाजता असल्यामुळे शाळांना आपला कार्यक्रम साडेआठच्या आत किंवा दहानंतर घ्यावा लागतो. त्या दिवशी मुलांनी पांढऱ्या गणवेशावर स्वेटर घातला तरी चालेल, कवायत करणाऱ्यांनीही घालावा, असे आम्ही लिहीत आहोत. ३ जानेवारीला नऊवारी नेसून येणाऱ्या मुलींनी आत पूर्ण बाह्यांचे काहीतरी घालावे, आणि स्नेहसंमेलनातल्या पातळ पोशाखातल्या मुलांसाठी रंगमंचाच्या मागे शाली ठेवाव्यात, अशीही भर घातली आहे.

स्वेटरचा परिच्छेद असा झाला आहे, त्यात काही खटकले तर कृपया सांगावे :

‘सकाळी मुलांना ऊबदार कपडे घालून पाठवावे. स्वेटर कोणत्याही रंगाचा, जुना, मोठ्या भावंडाचा, घरी विणलेला, कसाही चालेल आणि त्यावरून मुलाला कोणीही अडवणार नाही. आतल्या बाजूला मुलाचे नाव लिहावे. घरी स्वेटर नसेल तरीही मुलाला शाळेत अवश्य पाठवावे आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर घालावे. शाळेत सर्व मापांचे स्वेटर आहेत.’

शेवटचे वाक्य खरे ठरावे म्हणून येत्या शनिवारपर्यंत स्वेटर जमवायचे आहेत, आतापर्यंत चौदा आले आहेत. सातला उघडायच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांनी दिली असून सोमवार आणि गुरुवार मी घेतले आहेत. व्हॅनवाले काका बुधवार सांभाळायला तयार आहेत. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत, पाषाण-बाणेर भागातले कोणी हे वाचत असेल तर जरूर कळवावे.