बडोद्यातून थोडं वेगळं मत

समाज खरंच पुढे गेला का, यावर ‘साधनं बदलली, माणूस आहे तिथेच आहे’ असं एक मत मांडलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मी बडोद्याची. इथे बडोदा संस्थानाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. देशभर शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं. उशीर झाला खरा, पण १९५१ मध्ये जेमतेम १८ टक्के असलेली साक्षरता २०११ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली. याला नुसती साधनं कसं म्हणायचं?

आता दुसरी बाजू. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. राजाचा पाठिंबा होता, हुद्दा होता, शेजार तेवढा मिळाला नाही. ही गोष्ट मला फार लागते, कारण आजही भाड्याचं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, भाडं नंतर सांगतात.

तरीही मी आशेच्या बाजूची आहे. फक्त ‘काळाबरोबर होईल आपोआप’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. संस्थानात मुलं आपोआप शाळेत गेली नाहीत, न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. जात बघून घर नाकारणाऱ्याला दंड झाल्याचं मात्र मी अजून तरी ऐकलेलं नाही.