मदत हवी आहे: जर्मनीत ब्लू कार्डावर असताना भाषांतराचे स्वतंत्र काम घेण्याची परवानगी

सप्रेम नमस्कार.

मी श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत यंत्ररचनेचे काम करतो आणि ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, येथे राहतो. येथीलच दुसऱ्या एका कंपनीची यंत्रे चाकणच्या कारखान्यांत बसवली जातात. ती चालवणाऱ्या कामगारांसाठी इंग्रजीतील सुरक्षा-पुस्तिका मराठीत करून द्याल का, अशी विचारणा त्या कंपनीने माझ्याकडे केली आहे. काम शनिवार-रविवारी उरकण्यासारखे आहे आणि मोबदला पानामागे ठरेल. मला हे काम मनापासून करावेसे वाटते. नोकरीच्या सुरुवातीला मी चाकणलाच होतो. प्रेसवर टांगलेली सूचना इंग्रजीत असल्यामुळे नवी हेल्पर मुले ती वाचण्याच्या फंदात न पडता शेजारच्याचे पाहून यंत्राचे गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, उघडत, हे मी तेथे रोज पाहिले आहे.

अडचण अशी की, कार्डासोबत मिळालेल्या घडीच्या जोडपत्रावर माझ्या नोकरीच्या उल्लेखाखालीच ‘स्वतंत्र व्यवसायास परवानगी नाही’ असे छापलेले आहे. निवास कायद्याच्या कलम 21, पोटकलम 6 नुसार मूळ निवासाचे कारण कायम ठेवून स्वतंत्र व्यवसायाची परवानगी देता येते, एवढे मी वाचले आहे; मात्र ती द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले दिसते. शिवाय माझ्या नोकरीच्या करारात जोडकामासाठी कंपनीची लेखी संमती आवश्यक असल्याची अट आहे.

ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चोखाळली आहे त्यांना विचारायचे आहे, की आधी संमती कोणाची घ्यावी, अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावीत, आणि कायम निवास परवाना मिळेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे ठरेल का? माझी जर्मन भाषा अजून पहिल्याच पायरीवर आहे, त्यामुळे त्या परवान्यासाठी मला ब्लू कार्डावरील नोकरीचे, चांगली जर्मन येणाऱ्यांसारखे 21 नव्हे, तर 27 महिने भरावे लागतील.

प्रतिसाद:

नमस्कार दादा. मीसुद्धा ब्लू कार्डावर असतानाच ही परवानगी घेतली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात आपल्या कंपनीपासूनच करा. मनुष्यबळ विभागाला कामाचे स्वरूप, आठवड्याचे अंदाजे तास आणि ते काम कोणासाठी आहे हे लिहून कळवा. तुमची ग्राहक कंपनी तुमच्या कंपनीची स्पर्धक नसेल आणि रोजच्या कामावर परिणाम होणार नसेल, तर नकार देण्यास त्यांच्याकडे सबळ कारण उरत नाही. ते संमतीपत्र, ग्राहकाचे कामाची विचारणा करणारे पत्र आणि अपेक्षित उत्पन्नाचा साधा अंदाज जोडून तुमच्या गावाच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज करा. मुख्य नोकरी जशीच्या तशी चालू राहणार आहे, हे अर्जात ठळकपणे लिहा, कारण अधिकाऱ्याची खरी शंका तीच असते. परवानगी मिळाली की जोडपत्रावरील नोंद बदलून मिळते. ती घरी आल्यावर नीट वाचा, कारण काही वेळा ती विशिष्ट कामापुरतीच दिलेली असते.

त्यानंतर करखात्याकडे, म्हणजे फिनान्झआम्टकडे, काम सुरू केल्यापासून एका महिन्याच्या आत ‘एल्स्टर’ या करखात्याच्या संकेतस्थळावरून नोंदणीची प्रश्नावली भरावी लागते. भाषांतरकाराचा व्यवसाय आयकर कायद्याच्या कलम 18 मध्ये नावानिशी दिलेला असल्यामुळे वेगळी व्यापार-नोंदणी करावी लागत नाही. आदल्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोच्या आत असल्यास छोट्या व्यावसायिकांची सवलत घेऊन बिलावर विक्रीकर न लावण्याची मुभा मिळते. आरोग्य विमा कंपनीलाही कळवा. नोकरी हेच मुख्य काम असेपर्यंत तुम्ही नोकरीच्या नात्यानेच विमाधारक राहता.

थांबण्याबद्दल म्हणाल, तर कायम निवास परवान्यानंतर या परवानगीची गरजच उरत नाही, हे खरे. पण काम आज समोर असेल, तर अर्ज करण्यात काही गैर नाही. मात्र परवानगीचा कागद हाती येण्यापूर्वी एकही पान करून देऊ नका, ‘नंतर बिल करू’ अशा बोलीवरही नाही. विनापरवाना व्यवसायाला दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो आडवा येऊ शकतो. ग्राहक कंपनीला उशीर होण्याची कल्पना आजच देऊन ठेवा.