दोन वर्षांच्या आतील बाळाला थीम पार्कमध्ये नेणे कितपत योग्य आहे?

कोथरूडकर (धागाकर्ता)

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी इमॅजिकाला जाण्याचा बेत शिजतो आहे. भावाची मुले नऊ आणि सात वर्षांची आहेत आणि आमची मुलगी चौदा महिन्यांची आहे. "सगळेच जाऊ, तिलाही मजा येईल" हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटले गेले आहे की ते खरे आहे का, हे तपासून पाहण्याची गरज कुणालाच वाटेनाशी झाली आहे. माझे मत असे की तीन वर्षांखालच्या मुलाला थीम पार्कमध्ये नेणे ही मोठ्यांची सोय असते आणि ती मुलाच्या आनंदाच्या नावावर खपवली जाते.

खोपोलीजवळचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले आणि तेव्हापासून त्याची ओळख नायट्रो, स्क्रीम मशीन यांसारख्या जोरकस राईड्समुळे आहे. अशा राईड्सना उंचीची अट असते आणि ती असायलाच हवी, कारण अंगावर येणारा दांडा आणि पट्टे एका ठरावीक बांध्याच्या शरीरासाठीच बनवलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार वर्षाच्या मुलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर आणि दोन वर्षांच्या मुलाची ८७ सेंटिमीटरच्या आसपास असते. जगातल्या अनेक वेगवान राईड्सची अट ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. तेवढी उंची गाठेपर्यंत मूल चार वर्षांचे झालेले असते. त्यामुळे आमच्या मुलीच्या वाट्याला लाकडी घोड्यांचा गोल पाळणा आणि त्यासारख्या दोन-चार सौम्य गोष्टी येतील. उरलेला दिवस तिने ऊन, रांगा आणि कर्ण्यांवरचे संगीत यांत काढायचा आहे.

शिवाय यातले तिला काहीही आठवणार नाही. मोठेपणी बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या आसपासची असते, हे मानसशास्त्रात मान्य झालेले आहे. ज्याला तो दिवस आठवणार नाही, ज्याला त्या राईड्समध्ये बसता येणार नाही आणि ज्याची दुपारची झोप त्या दिवशी नक्की मोडणार आहे, त्याच्यासाठी आपण जात आहोत असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. विरुद्ध मत असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

दोन लेकरांची आई

आपल्या आकड्यांशी माझे भांडण नाही, परंतु त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात पटलेला नाही. आठवण राहत नाही म्हणून एखादी गोष्ट करू नये, हा नियम लावला तर बारसे, उष्टावण, पहिला वाढदिवस आणि बोरनहाण हे सारेच रद्द करावे लागेल. संक्रांतीनंतर काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून आपण बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे ओततो, तेव्हा ते त्याला आठवावे अशी आपली अपेक्षा असते का? तो सोहळा घराचा असतो आणि बाळ त्या घरात असते.

सहल बाळासाठी नसते, हे मी आनंदाने मान्य करते, आणि ती बाळासाठी असावी असा आग्रह धरणेच मला चुकीचे वाटते. माझा मोठा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा धाकटी अकरा महिन्यांची होती. तिचे वय भरेपर्यंत थांबायचे म्हटले असते, तर तोवर मोठ्याचे बालपणच सरले असते. बाळाला घरी ठेवायचे म्हटले, तर अंगावर पिणाऱ्या बाळाबरोबर घरी कोण राहणार, हे वेगळे सांगायला नको. आपण "बाळाला नेऊ नये" असे लिहिता, तेव्हा व्यवहारात त्याचा अर्थ "आईने जाऊ नये" असा होतो. बाळंतपणानंतरचे वर्ष-दीड वर्ष घर, दवाखाना आणि लसीकरणाच्या तारखा यांतच गेलेल्या बाईला मोकळ्या हवेतला एक दिवस मिळणे ही चैन आहे, असे मला वाटत नाही.

कोथरूडकर

बोरनहाणाचा दाखला मला मान्य नाही. बोरनहाण घरात होते, अर्ध्या तासात आटोपते, भोवती ओळखीची माणसे असतात, आणि बाळ रडू लागले तर ते उचलून आत नेता येते. थीम पार्कमध्ये सकाळी दहाला शिरल्यावर संध्याकाळपर्यंत "आत नेणे" ही सोयच नसते. तुमचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

परिचारिका (बालविभाग)

मी रुग्णालयाच्या बालविभागात काम करते, त्यामुळे योग्य-अयोग्याच्या वादापेक्षा त्या दिवशी बाळाच्या शरीराचे काय होते, याविषयी लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी. त्याच सूचनांमध्ये असेही म्हटले आहे की या वयाच्या मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवरच्या झोळीत सलग एका तासापेक्षा जास्त वेळ जखडून ठेवू नये. थीम पार्कमध्ये नेमके हेच विसरले जाते, कारण गर्दीत मूल गाडीत बांधलेले असले की सर्वांना सुरक्षित वाटते. दर तासाला त्याला खाली उतरवून हिरवळीवर किंवा एखाद्या शांत कोपऱ्यात रांगू, चालू द्यावे. त्यासाठी एखादी राईड हुकली तरी चालेल.

दुसरी गोष्ट उन्हाची. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये, आणि ते केवळ अंगावर पीत असल्याने त्याला वरचे पाणीही पाजता येत नाही. त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत मला सर्वांत काळजी वाटते ती बाबागाडीवर दुपटे पांघरण्याच्या सवयीची. ऊन लागू नये म्हणून आया चारही बाजूंनी दुपटे खोचतात, परंतु आत हवा खेळत नाही आणि गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. छत्री लावावी, गाडीचे छप्पर ओढावे, पण समोरची बाजू मोकळी ठेवावी. नेहमीपेक्षा कमी लघवी होणे, ओठ आणि तोंड कोरडे पडणे, रडताना डोळ्यांतून पाणी न येणे किंवा मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर सहल तिथेच संपवून डॉक्टर गाठावा.

सहा महिन्यांखाली नेऊ नये, असे माझे मत आहे. वर्षाच्या पुढे न्यायला हरकत नाही, मात्र एप्रिल-मेमध्ये मुळीच नाही. आणि एक राहिलेच: मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्टा किंवा बालआसन लावणे बंधनकारक असून, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. थीम पार्कमधल्या पाळण्याविषयी घरोघरी चर्चा झडते, पण द्रुतगती मार्गावर पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसलेल्या बाळाविषयी कुणी चकार शब्द काढत नाही.

सॅन होजेकर

कॅलिफोर्नियातला अनुभव लिहितो, कारण इथे मराठी घरांमध्ये हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. भारतातून आजी-आजोबा आलेले असतात, घरात तान्हे मूल असते, आणि अॅनाहाइमचे डिस्नेलँड दाखवल्याशिवाय पाहुण्यांना परत कसे पाठवायचे, असा प्रश्न असतो.

१९५५ साली सुरू झालेले हे उद्यान लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच चालवले जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. उद्यानात बाळांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे स्तनपानासाठी निवांत जागा, लंगोट बदलण्याची सोय आणि अन्न गरम करण्याची व्यवस्था असते. "रायडर स्विच" नावाची एक पद्धतही आहे. एक पालक राईडवर जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, आणि पहिला परतल्यावर दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. १९६६ पासून तिथे असलेली "इट्स अ स्मॉल वर्ल्ड" ही संथ नौकाफेरी आणि तशा कितीतरी गोष्टींना उंचीची अटच नाही, त्यामुळे बाळाला मांडीवर घेऊन सारे कुटुंब एका नावेत बसू शकते. बाबागाडीच्या आकारालाही मर्यादा आहे, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, कारण गर्दीत दुसऱ्यांनाही चालायचे असते.

त्यामुळे धागाकर्त्यांचा रोख बाळावर असण्यापेक्षा उद्यानांच्या व्यवस्थेवर असायला हवा, असे मला वाटते. पालकांनी आळीपाळीने राईड घेण्याची सोय नियमातच असेल, तर निम्मा वाद मिटतो.

निवृत्त आजोबा

वरील सर्व प्रतिसाद वाचले. त्यांत माझ्यासारख्या माणसाचा उल्लेख कुठेच न आढळल्याने लिहायला बसलो.

सॅन होजेकर ज्या आळीपाळीचे कौतुक करतात, ती आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. फरक इतकाच की आपल्याकडे पाळी बदलत नाही. "आई-बाबा, तुम्हीही चला, तेवढाच बदल" असे आग्रहाने सांगून आम्हाला नेले जाते, आणि आत शिरताच बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, मऊ भाताचा डबा, टोपरे आणि बाळ या सर्व चीजवस्तूंसह एका झाडाखाली आमची स्थापना होते. पूर्ण तिकीट काढलेले असते; ज्येष्ठांना सवलत मिळाली तरी पैसे काही थोडे नसतात. गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाल्यावर मी माझ्या मुलांना होडीतून तिथे नेले होते, तेव्हा धाकट्याला सौभाग्यवती सांभाळत होत्या. आता त्या मुलांच्या मुलांना आम्ही दोघे सांभाळतो, एवढीच प्रगती झाली.

मला नातवंडांजवळ बसण्याचा कंटाळा नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की बाळाला न्यावे की नेऊ नये हा वाद आई-बाप घालतात आणि त्या निर्णयाचे सात-आठ तास तिसराच कोणी उचलतो. ज्यांना न्यायचे आहे त्यांनी घरातून निघण्यापूर्वी कोण किती वेळ बाळाजवळ बसणार हे ठरवावे, आणि त्या यादीत बाळाच्या बापाचे नाव आजोबांच्या आधी असावे.

डोंबिवलीकर

थीम पार्कविषयी मतभेद समजू शकतो. त्याला लागून असलेल्या वॉटर पार्कविषयी मात्र मतभेदाला जागाच नाही. "आलोच आहोत तर पाय बुडवू" म्हणून लंगोट घातलेली मुले उथळ तलावात बसवली जातात. पोहण्याचे खास लंगोटही जंतू पाण्यात जाण्यापासून पूर्णपणे रोखू शकत नाहीत, आणि जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही अनेक दिवस जिवंत राहतो. वर्षाचे मूल त्या पाण्याचे घोट घेतेच. शिवाय रांगणारे मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते, आणि तेही आवाज न करता. लाटांच्या तलावाजवळ कानठळ्या बसवणारे संगीत चालू असताना तर ते मुळीच लक्षात येणार नाही.

दोन लेकरांची आई

डोंबिवलीकरांशी पूर्ण सहमत आहे. आजोबांचे म्हणणेही रास्त आहे, फक्त त्यातला "बाळाच्या बापाचे नाव आधी" हा भाग मी छापून घरात लावणार आहे.

सॅन होजेकरांनी सांगितलेल्या सोयींची मागणी आपणही करायला हवी. आपल्या एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभारले गेले. त्यांची निगा कशी राखली जाते हा वेगळा विषय, परंतु सरकारी बसस्थानकावर जी गरज ओळखली गेली, ती दिवसभराचे तिकीट घेणाऱ्या प्रत्येक खाजगी उद्यानाने ओळखलीच पाहिजे. तिकीट काढण्यापूर्वी दूरध्वनी करून स्तनपानाची जागा कुठे आहे, बाबागाडी भाड्याने मिळते का आणि बाळाचे अन्न आत नेऊ देतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक उद्याने आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याला सहसा सूट असते, पण प्रवेशद्वारावर खिचडीच्या डब्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

कोथरूडकर, आपल्याला एक विचारते. आपण मुलीचे वय लिहिले, उंची लिहिली, तिच्या झोपेविषयी आणि स्मृतीविषयी लिहिले. तिच्या आईला जायचे आहे की नाही, हे कुठेच लिहिलेले नाही.

कोथरूडकर

तिला जायचे आहे, आणि घरात हा वाद लांबण्याचे तेच कारण आहे.

परिचारिकाताईंचा प्रतिसाद आम्ही दोघांनी बसून वाचला. मुलीचा त्या दिवसाशी काही संबंध नाही, हे माझे मत कायम आहे, परंतु तिच्या आईचा आहे, हे मला मान्य करावे लागते. त्यामुळे आता माझा प्रस्ताव असा आहे की दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, मधल्या वारी जावे, बालआसन लावून सकाळी लवकर निघावे, वॉटर पार्कचे तिकीट काढूच नये, आणि मुलीच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली की आम्ही तिघांनी परतीची वाट धरावी. घाटात ती झोपेल. तोपर्यंतचे तास पत्नीने आणि मी अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत. आई-बाबांना यायचे असेल तर त्यांनी फक्त पाहुणे म्हणून यावे.

या प्रस्तावाला भावाचा विरोध आहे. त्याचे म्हणणे असे की दिवसभराचे तिकीट काढून दुपारी दोनला बाहेर पडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, आणि वहिनीला घरी पाठवून आपण राईड्स करत बसलो तर ते बरे दिसणार नाही. दोन गाड्या नेल्या तर कुणालाच कुणासाठी थांबावे लागणार नाही, असे मी त्याला सांगितले आहे. पेट्रोल आणि टोलचा हिशेब करून तो उद्या कळवणार आहे.