मदत हवी आहे : 'थ्रिल्ड' आणि 'ऑ' (awe) या इंग्रजी शब्दांना नेमका मराठी शब्द कोणता?

दहावीसाठी शब्दतक्ता करायचाय. 'सरप्राइज्ड' म्हणजे अनपेक्षित, 'अमेझ्ड' त्याहून जोरकस, 'अस्टॉनिश्ड' म्हणजे विश्वासच बसेना. इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. सहल उद्या असेल तर 'एक्सायटेड', निवड झाल्याचं कळलं की 'थ्रिल्ड', आणि 'ईगर'मागे बहुधा 'टू' व क्रियापद: 'ईगर टू लर्न'. मुलं तिन्हीकडे 'उत्सुक' लिहितात! 'आय अ‍ॅम एक्सायटिंग' तर हमखास. कारण शेवटी 'एड' असेल तर ते ज्याला वाटतं त्याचं, 'इंग' असेल तर ज्यामुळे वाटतं त्याचं, हे मुलांच्या लक्षात राहत नाही.

'थ्रिल्ड'ला 'रोमांचित' फारच पुस्तकी. 'हरखून गेली' चालेल? आणि 'ऑ'मध्ये आदर, थोडी भीतीही असते, तिथे नुसतं 'आश्चर्य' तोकडं पडतं. 'विस्मय' पुरेल की 'दिपून जाणं'? वाक्यासकट सुचवा.